मशीन तापलंय, बसा तासभर

आमच्या दिंडोशीच्या टेकडीवर आज जी माणसं हिंडताफिरताना दिसतात, त्यांना जिवंत ठेवण्याचं श्रेय घ्यायला सरकार, महापालिका आणि परमेश्वर असे तिघेही पुढे येतील. मी तिघांचेही दावे फेटाळून लावतो. हे श्रेय आहे एका लाकडी बाकाला, आणि त्या बाकावर माणसांना बसवून ठेवण्यासाठी वर्षानुवर्षं एकच खोटं न चुकता बोलणाऱ्या एका गृहस्थाला. हे गृहस्थ म्हणजे माझ्या बाबांचे लग्नाआधीचे खोलीसोबती. लालबागच्या एका खोलीत कोकणातून आलेले चौदा जण राहायचे. त्यातले तेरा गिरणीत, आणि हे एकटे पालिकेच्या रुग्णालयात ईसीजी काढायला. तेरा जण पाळीवरून येऊन अंथरुणावर पडायचे आणि हे कोपऱ्यात बसून कोणाची छाती कशी वरखाली होते ते बघत राहायचे. बाबा सांगतात, पहिले काही महिने बाकीच्यांना वाटायचं, हा माणूस आपल्या गळ्यातल्या ताइतावर डोळा ठेवून आहे. पुढे बाबांना दिंडोशीला खोली मिळाली, यांनीही टेकडीच्या पायथ्याशी खोली घेतली, आणि माझं सगळं बालपण त्या नजरेखाली गेलं. मी त्यांना काका म्हणायचो.

काकांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. वीस वर्षांच्या ओळखीचा माणूस समोर आला तरी ते आधी त्याच्या सदऱ्याच्या दुसऱ्या बटणाकडे बघत आणि मग म्हणत, 'हां, तू होय.' माणसाची त्यांच्याकडची नोंद वेगळीच असे. आमच्या वसाहतीत जायला टेकडीच्या पायऱ्या चढाव्या लागतात. खालून पहिला लागतो सार्वजनिक नळ, मग मारुतीचं देऊळ, मग आंबा, आणि अगदी वर पाण्याची टाकी. दर रविवारी सकाळी काका पायथ्याशी खुर्ची टाकून, चहाचा कप मांडीवर ठेवून बसत आणि कोण कुठे थांबतो ते बघत. जो थांबायचाच नाही त्याच्यात त्यांना काडीचाही रस नव्हता. जो नेहमीच आंब्यापाशी थांबायचा त्याचीही त्यांना चिंता नसे. 'तो दहा वर्षं आंब्यापाशीच थांबतोय, आणखी दहा वर्षं थांबेल,' म्हणायचे. त्यांची झोप उडायची ती गेल्या महिन्यात आंब्यापाशी थांबणारा माणूस या महिन्यात देवळापाशी थांबला की. अशा माणसाच्या घरी ते त्याच दिवशी दुपारी जाऊन बसत, चहा घेत, आणि त्याच्या बायकोसमोर विचारत, 'नुसतं बसल्या बसल्या पण दुखतं का रे हल्ली?' त्या घरातली दुपार त्यानंतर कशी जायची ते सांगायला नको. एकदा आमच्या शेजारचे कारकून देवळापाशी थांबले म्हणून काका त्यांच्याकडे जाऊन धडकले. निष्पन्न काय झालं, तर देवळाच्या मागच्या खोलीत त्यांची एक ओळख होती आणि थांबण्याचं कारण छातीशी संबंधित असलं तरी ईसीजीत येणारं नव्हतं. त्या दिवशी एक संसार मोडता मोडता राहिला. काका मात्र शेवटपर्यंत म्हणत होते, 'पण बदल झाला होता ना? बदल झाला की विचारायचं. दुखण्याला मी भीत नाही, दुखणं बदललं की भितो.' मी त्या वयात कुठलाही बदल म्हटला की लगेच टाळी वाजवायला तयार असे, त्यामुळे हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं होतं.

दुसरा त्यांचा सिद्धांत असा, की छाती धरून ओरडणारा माणूस घरी जातो आणि 'काही नाही हो, गॅस आहे' म्हणणारा माणूस जात नाही. त्यामुळे ओरडणाऱ्यांना ते पाणी देत आणि न ओरडणाऱ्यांच्या मागे लागत. गोरेगावला एका लग्नात पंगतीत बसले असताना त्यांना समोरच्या पानावरचा नवरीचा मामा दिसला. मामा पंख्याखाली बसला होता आणि त्याच्या कपाळावर घाम होता. पंख्याखालचा घाम म्हणजे काकांच्या लेखी वाजणारी घंटा. त्यांनी मठ्ठ्याची वाटी खाली ठेवली, मामाला काखेत हात घालून उठवलं आणि रिक्षात घातलं. मामा 'मला काही झालेलं नाही' म्हणत राहिला, आणि तो जितकं म्हणत राहिला तितका काकांचा संशय पक्का होत गेला. रुग्णालयात तीन तासांत ईसीजीच्या तीन पट्ट्या काढल्या, तिन्ही स्वच्छ. मामाने मिरचीचा ठेचा तोंडात टाकला होता, बाकी काही नव्हतं. तोवर जिलबी संपली होती, नवरीची पाठवणीही झाली होती. तो मामा आजतागायत काकांशी बोलत नाही. मी एकदा काकांना डिवचलं की तुम्ही दहातल्या नऊ जणांना उगाच बसवून ठेवता. ते चिडले नाहीत. म्हणाले, 'उगाच बसवलेला माणूस शिव्या देतो. उगाच सोडलेला माणूस शिव्या द्यायला येत नाही. मला शिव्या चालतात.'

पण त्यांची खरी कला बघायची तर रुग्णालयातच. तळमजल्यावर त्यांची अरुंद खोली होती, बाहेर बाक, आत एक टेबल, एक पलंग आणि ते मशीन. मशीनला तापणारी सुई, सुईखालून सरकणारा मेणाच्या थराचा कागद, आणि छातीला चिकटवायचे रबरी फुगे. काकांच्या हाताला त्या फुग्यांखाली लावायच्या गार जेलीचा वास कायम असे. त्यांच्या घरी शिरा खाल्ला तरी त्याला तो वास येई. फुगे काढल्यावर छातीवर लालसर गोल वळ उठतात, त्यांच्याकडे ते पोस्टाच्या शिक्क्याकडे बघावं तसं समाधानाने बघत. छातीवर केस असलेल्या माणसांचा त्यांना मनापासून राग होता, कारण फुगा निसटतो. एका पैलवानाला ते म्हणाले होते, 'एवढं जंगल कशाला वाढवलंस, आत वाघ आहे का?' पैलवान ओशाळून हसला होता.

आता नियम असा की ईसीजी काढणाऱ्याने पट्टी काढून डॉक्टरांच्या हातात द्यायची, तोंडातून अक्षर काढायचं नाही. पेशंटला काय झालंय, त्याला ठेवायचं की सोडायचं, हे डॉक्टरांनी ठरवायचं. आणि डॉक्टर काय करणार? बाहेर रांग, आत रांग, हृदयाची रेघ पडद्यावर सतत दाखवणारं मशीन सबंध रुग्णालयात एका खाटेला, म्हणजे तशी खाट एकच. पट्टी सरळ दिसली की ते म्हणत, गॅस आहे, घरी जा. काकांचं म्हणणं होतं की एक पट्टी म्हणजे एक फोटो, आणि फोटो काढताना सगळेच नीट बसतात. कळ येते तेव्हा रेघ बिघडते, कळ गेली की तीच रेघ शहाण्यासारखी सरळ होते. ज्याचं दुखणं बदलतंय, जे बसल्या जागी येतंय, त्याला तासभर बसवा, पुन्हा पट्टी काढा, मग बोला. पण हे सांगायचा अधिकार त्यांना नव्हता. तेव्हा या गृहस्थांनी नियमाचा एक शब्दही न मोडता वाट काढली. पहिली पट्टी सरळ आली आणि माणूस मात्र त्यांना बरा वाटला नाही, की ते मशीनवर चापट मारत आणि म्हणत, 'छे, सुई तापली. पट्टी बरोबर आली नाही. बसा तासभर, मशीन थंड होऊ दे.' कधी सुई तापायची, कधी कागद अडकायचा, कधी वीज कमी दाबाने यायची. 'मी माणसाबद्दल बोलू शकत नाही, मशीनबद्दल बोलू शकतो,' हे त्यांनी मला फार पुढे सांगितलं. तोवर मीही सगळ्यांसारखाच समजून होतो की महापालिकेचं मशीन आहे, बिघडणारच.

त्या खोलीत दाराशेजारच्या खिळ्यावर एक काळी छत्री टांगलेली असे. जुलैत बाहेर धो धो कोसळत असलं आणि एखादी नर्स छत्री मागायला आली, तरी ते द्यायचे नाहीत. स्वतः भिजत घरी यायचे. कोणाची छत्री, विचारलं तर म्हणायचे, 'मालक येईल.' आम्ही त्यावरून त्यांची यथेच्छ टिंगल करायचो.

आता मला माझा गुन्हा सांगायला हवा. मी मुळाक्षरं शिकलो ती पत्रकांवर. बाबा युनियनचे, घरात पुस्तक नव्हतं पण पत्रकांचे गठ्ठे होते. फडताळात तेच अंथरलेले, पोहे त्यातच बांधलेले. कॉलेजात गेल्यावर मी स्वतः स्टेन्सिल कापून पत्रकं काढू लागलो. पालिका उपनगरांना सावत्र वागवते, चांगले दवाखाने सगळे शहरात आणि आमच्या वाट्याला गळके नळ, यावर माझा तेव्हाही विश्वास होता आणि आजही आहे. पुरावा शोधत मी तीन दिवस रुग्णालयाच्या तळमजल्यावर वही घेऊन बसलो. तीन दिवसांत ईसीजीचं मशीन अकरा वेळा बिघडलं. अकरा वेळा गरिबांना बाकावर तासभर तिष्ठत बसावं लागलं. माझं रक्त उसळलं. मी रात्रीचा दिवस करून पत्रक लिहिलं, त्याचा मथळा होता 'तापलेली सुई आणि थंड प्रशासन'. असा मथळा मला पुन्हा सुचलेला नाही. आमच्या मंडळाची तीस-पस्तीस पोरं घेऊन मी फाटकावर घोषणा दिल्या, निवेदन दिलं, नव्या मशीनची मागणी केली. काका खिडकीतून बघत होते. मला वाटलं, अभिमानाने बघताहेत. ते हातवारे करत होते, त्याचा अर्थ मी 'शाबास' असा घेतला. तो 'गप बस' असा होता.

निवडणुका तोंडावर होत्या, त्यामुळे आमची मागणी मान्य झाली. माझ्या आयुष्यात मान्य झालेली ही पहिली मागणी. नवंकोरं मशीन आलं, नगरसेवकांनी त्याला हार घातला, नारळ फोडला, त्याचं पाणी जेलीच्या बाटलीत उडालं. मशीनवर एक हिरवा दिवा होता. कंपनीच्या माणसाने सगळ्या डॉक्टरांना गोळा करून सांगितलं, की हा दिवा लागलेला असला म्हणजे मशीन शंभर टक्के ठीक आहे. काका त्या दिव्याकडे असे बघत होते, जणू घरात कोणी पोलीस आणून बसवलाय. वर त्याच माणसाने जुनं मशीनही उघडून बघितलं आणि त्यात काहीही बिघाड नाही असं लिहून दिलं. झालं. माझ्याच पत्रकातले अकरा बिघाड लाल शाईने अधोरेखित करून वरिष्ठांनी काकांना मेमो दिला, की खुलासा करा. काकांनी खुलासा केला तो असा: 'सदर मशीन अधूनमधून बिघडत असे व तासाभराने आपोआप सुधारत असे. कारण अज्ञात.' तो खुलासा फायलीत गेला आणि वरिष्ठांनी ताकीद देऊन प्रकरण मिटवलं.

मी पेढे घेऊन त्यांच्या खोलीवर गेलो तेव्हा त्यांनी मला समोर बसवलं आणि पहिल्यांदा सगळं सांगितलं. सुई कधी तापली नव्हती. कागद कधी अडकला नव्हता. बऱ्याच वर्षांपूर्वी एक बस कंडक्टर आला होता, हसतखेळत, काही नाही हो, गॅस आहे म्हणणारा. पट्टी सरळ आली. काकांना तो बरा वाटला नव्हता, पण नियम होता म्हणून त्यांनी तोंड उघडलं नाही. डॉक्टर म्हणाले, जा. तो गेला, घाईत छत्री विसरला. काका छत्री घेऊन त्याच्या मागे गेले, पण तो बसमध्ये चढला होता. संध्याकाळी त्याला परत आणलं ते स्ट्रेचरवर. 'तेव्हापासून मशीन बिघडायला लागलं,' काका म्हणाले. मी पेढ्यांचा पुडा मांडीवर तसाच धरून बसलो होतो. ते पुढे एवढंच म्हणाले, 'तुझं अक्षरन् अक्षर खरं होतं रे. फक्त माझं खोटं कशाला होतं ते तुला माहीत नव्हतं.' मग त्यांनी एक पेढा उचलला, कारण पेढ्यावर त्यांचा राग नव्हता.

त्यानंतर काकांचा बाक रिकामा राहू लागला. पट्टी निघायची, हिरवा दिवा लागलेला असायचा, डॉक्टर म्हणायचे जा, आणि माणूस जायचा. काका त्याच्या पाठीकडे बघत राहायचे. रविवारी पायथ्याशी मात्र ते नेमाने बसत. आणि अशाच एका रविवारी अकराच्या सुमाराला त्यांनी मला खालून हाक मारली. गिरणी बंद पडल्यापासून बाबा अंधेरीला एका कारखान्यावर वॉचमन होते आणि त्या दिवशी पाळी करून घरी येत होते. बाबा हे न थांबणाऱ्यांतले. थोड्या दिवसांपूर्वी ते देवळापाशी थांबू लागले होते, ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं, आणि काका फक्त रविवारीच बसत असल्याने त्यांनाही दिसलं नव्हतं. त्या दिवशी ते नळापाशी थांबले, नळ धुवायला आल्यासारखा उगाच पुसला आणि खाली पायरीवर बसले. मी पोचलो तेव्हा काका त्यांना मालवणीत दटावत होते आणि बाबा ओव्याची पुडी शोधत होते.

'माका काय एक झालेला नाय. गॅस आसा,' बाबा म्हणाले.

काकांनी माझ्याकडे बघितलं आणि मी रिक्षा आणायला धावलो.

रुग्णालयात पोचेपर्यंत बाबांचं दुखणं थांबलं होतं. रिक्षात ते मलाच विचारत होते की आज मटण आणायचं ठरलं होतं त्याचं काय. ड्युटीवर एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, सकाळपासून उभ्या, चेहऱ्यावरून वाटत होतं की चहासुद्धा मिळालेला नाही. सुट्टी असूनही काकांनीच फुगे लावले, पट्टी निघाली. सरळ, स्वच्छ, शहाणी. हिरवा दिवा लागलेला. बाईंनी पट्टी बघितली, बाबांची नाडी बघितली आणि म्हणाल्या, 'आजोबा, पोटाचं औषध लिहून देते, घरी जाऊन आराम करा.' मी हात जोडून म्हणालो की तासभर थांबवून घ्या. त्या म्हणाल्या, तासभर प्रत्येकाला थांबवलं तर बाहेर किती लोक उभे राहतील, तूच बघ. मी बघितलं. पुष्कळ होते. बाबा सदऱ्याची बटणं लावत होते. मी काकांकडे बघितलं, काकांनी मशीनकडे बघितलं, दिव्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, 'आता हे बिघडत नाही. तू बिघड.'

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. बाबांना गिरणीतल्या तीस वर्षांत एक सवय हाडात मुरली होती. फाटकावर सभा सुरू झाली की ती संपेपर्यंत जागचं हलायचं नाही. ऊन असो, भूक असो, बोलणारा कितीही वाईट असो. सभेतून उठून जाणाऱ्याला ते माणसात धरत नसत. मी बाकासमोरच्या स्टुलावर चढलो आणि 'बंधूंनो आणि भगिनींनो' म्हणालो. रांगेतल्या लोकांनी वळून बघितलं. बाबा दारापर्यंत गेले होते, ते थबकले.

'खंय चललंस?' काका म्हणाले. 'तुझो झील बोलता हा. सभा सोडून जातलंस?'

बाबा मुकाट्याने परत फिरले आणि बाकावर बसले.

मी आजवर पुष्कळ भाषणं केली, पण त्या भाषणाइतकं अवघड एकही नव्हतं. सुरुवातीला मी सवयीने आवाज चढवला, तर काका पाठीमागून पुटपुटले की जोरात नको, त्याची छाती धडधडेल, झोप येईल असं बोल. मुठी आवळून झोप आणायची हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मी उपनगरांच्या पाणीपुरवठ्यावर बोललो. मग सांडपाण्यावर. मग पदपथांवर. रखवालदार मला उतरवायला आला, तर रांगेतली एक म्हातारी त्याला म्हणाली, बोलू दे की, नंबर यायला तसाही वेळ आहे. बाई आतून दोनदा येऊन माझ्यावर ओरडून गेल्या. वीस मिनिटांत माझे विषय संपले. मग मी घरातली जुनी पत्रकं आठवेल तशी म्हणू लागलो आणि इथे बाबा खुलले. ती त्यांना पाठ होती. मी मागण्यांचा क्रम चुकवला की ते बाकावरूनच दुरुस्त करत. 'बदली कामगार आधी, बोनस मागसून,' एकदा. 'चौथी मागणी खाल्लंस,' दुसऱ्यांदा. लोक हसत होते. मीही हसत होतो. मला वाटू लागलं की बाबांना खरंच काही झालेलं नाही, आणि त्या ठेचावाल्या मामाला काकांनी उगाच रिक्षात घातलं तसा मीही उगाच स्टुलावर उभा आहे.

मग मी सहावी मागणी पाचवीच्या आधी म्हटली, आणि बाबा काही बोलले नाहीत.

मी थांबलो. मुद्दाम सातवीही चुकीची म्हटली. बाबा समोर बघत होते. त्यांच्या डोक्यावर पंखा फिरत होता आणि त्यांचं कपाळ ओलं होतं. काका केव्हाच उठले होते. त्यांनी बाबांना आत नेलं, बटणं काढली, फुगे लावले. या वेळी बाबा गॅस म्हणाले नाहीत. पट्टी सरकत बाहेर आली. मला ईसीजीतलं काही कळत नाही, पण मघाची रेघ डोळ्यांसमोर होती आणि ही रेघ जागोजागी खाली खचली होती, आमच्या पायऱ्या पावसाळ्यात खचतात तशी. काका नियमाप्रमाणे काही बोलले नाहीत. त्यांनी दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी धरून बाईंपुढे केल्या. बाईंनी बघितल्या, एकदा बाबांकडे बघितलं, जिभेखाली गोळी दिली आणि स्वतः ट्रॉली ढकलत धावल्या. ती एक खाट सुदैवाने रिकामी होती. मी अजून स्टुलाशेजारी उभा होतो. म्हातारीने विचारलं, 'संपली का रे सभा?' मी मान हलवली आणि मग मला रडू आलं.

बाबा वाचले. त्या खाटेवर काही दिवस, मग साध्या वॉर्डात, मग घरी. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो सातव्या मागणीबद्दल. बाईंनी त्यानंतर मला बोलावून घेतलं. मला वाटलं, ओरडतील. त्यांनी विचारलं, 'हे तासभर बसवायचं कोणाचं डोकं?' मी काकांकडे बघितलं. काका पंख्याकडे बघत होते. मी म्हणालो, जुन्या मशीनचं. दुसऱ्या दिवशी काकांच्या खोलीच्या भिंतीवर बाईंच्या सहीचा कागद लागला, की छातीत नव्याने किंवा वाढत्या प्रमाणात दुखणाऱ्या कोणालाही दुसरी पट्टी निघाल्याशिवाय सोडू नये. मी काढलेल्या सगळ्या पत्रकांपेक्षा ते छोटं होतं आणि त्याला मथळाही नव्हता. काका तो कागद रोज सकाळी रुमालाने पुसत. खोटं बोलायची गरज संपली, पण सवय गेली नाही; अधूनमधून ते हिरव्या दिव्यावर बोट ठेवून म्हणायचे, 'तसा हाही तापतो.'

दोन वर्षांनी काका निवृत्त झाले. समारंभात भिंतीवरचं घड्याळ देतात, यांनी बाक मागितला. बाक पालिकेच्या मालमत्तेच्या यादीत होता, तेव्हा तो आधी मोडका ठरवावा लागला, आणि तो मोडका नसल्याने त्याचा एक पाय काढून पुन्हा बसवावा लागला. काकूंचं माहेर मनोरीचं. काकू जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती, पोरबाळ नव्हतं. मेहुण्याने खाडीकडेला एक खोली दिली. मार्व्याच्या धक्क्यावरून फेरीत बसून बाक, काका आणि काळी छत्री अशी तिघं पलीकडे गेली.

गेल्या महिन्यात मी त्यांना भेटायला गेलो होतो. खोलीसमोर तोच बाक, आत खिळ्याला तीच छत्री. म्हणाले, धक्क्यावर बसतो सकाळचा, फेरीतून उतरून चढण चढताना कोण कुठे थांबतो ते दिसतं. पण इथली माणसं कोळी, वल्ही मारलेली, मेली थांबतच नाहीत. त्यांनी बाबा हल्ली कुठे थांबतात विचारलं. आंब्यापाशी, मी म्हणालो, सहा महिने आंब्यापाशीच. ते ऐकून त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी शेजारून सुके बोंबील मागवून ते बाबांसाठी बांधून दिले. पुडीला अर्थातच जेलीचा वास होता, किंवा मला तसं वाटलं. माझ्या बटणाकडे बघून म्हणाले, तू जाडा झालायस, आणि पत्रकं कशी हल्ली वाचवत नाहीत, फार गोड झालीत. खाडीचं पाणी वर चढत होतं. चार वाजले तसा मी उठलो, चपला घातल्या, म्हणालो, निघतो काका, फेरी गाठतो.

काकांनी खाडीकडे बघितलं नाही. माझ्याकडेही बघितलं नाही. बाकावर हाताने दोनदा थोपटलं.

'फेरीचं इंजिन तापलंय आज,' ते म्हणाले. 'बस तासभर.'

त्यांच्या खांद्यावरून मला फेरी स्पष्ट दिसत होती. टोपल्या, सायकली आणि माणसं घेऊन ती मार्व्याकडे निघाली होती, आणि तिच्या इंजिनाची फटफट इथवर ऐकू येत होती. मी चपला काढल्या आणि बाकावर बसलो.